महाविद्यालयीन संकेतस्थळाची पत्तारचना : सबडोमेन की सबफोल्डर?

बीजशब्द : संकेतस्थळ, सबडोमेन, सबफोल्डर, शोधयंत्र, पुनर्निर्देशन.

प्रस्तावना :
अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या उपनगरी पट्ट्यातील विद्यार्थी महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वी बहुधा त्याचे संकेतस्थळ पाहतो. 'नॅक'च्या मूल्यांकन प्रक्रियेतही स्वयंअध्ययन अहवाल व वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर ठेवावे लागतात. विभाग, ग्रंथालय व संशोधनपत्रिका यांची पृष्ठे वाढू लागली की त्यांना कोणता पत्ता द्यावा, हा प्रश्न उभा राहतो. शोधयंत्रातून येणाऱ्या वाचकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
डोमेन नामव्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. या व्यवस्थेत नावाची उतरंड उजवीकडून डावीकडे जाते. 'आयआयटीबी डॉट एसी डॉट इन' या नावात 'इन' हे भारताचे, 'एसी' हे शैक्षणिक क्षेत्राचे व 'आयआयटीबी' हे संस्थेचे निदर्शक आहे. त्याच्या डावीकडे विभागाचे नाव जोडल्यास सबडोमेन तयार होते. नावाच्या उजवीकडे तिरकी रेघ देऊन विभागाचे नाव लिहिल्यास सबफोल्डर होतो. सबडोमेन स्वतंत्र सर्व्हरवर सहज ठेवता येते. सबफोल्डर सामान्यतः मूळ संकेतस्थळाच्याच सर्व्हरवर असतो.

प्रत्यक्ष उदाहरणे :
पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९५८) दोन्ही पद्धती एकत्र दिसतात. संगणकशास्त्र विभागाला 'सीएसई' हे सबडोमेन आहे, तर त्याच विभागातील प्राध्यापकांची वैयक्तिक पृष्ठे त्या सबडोमेनखालील फोल्डरांत आहेत. मराठी विकिपीडिया 'एमआर' या सबडोमेनवर आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसीची मराठी सेवा मात्र मुख्य संकेतस्थळाच्या सबफोल्डरमध्ये आहे. दोन्हींची पृष्ठे शोधयंत्रात सहज सापडतात. म्हणजेच कोणतीही एक रचना स्वतःहून अडसर ठरत नाही.

शोधयंत्रांची भूमिका :
पूर्वी गूगल एका शोधात प्रत्येक सबडोमेनचे साधारणतः दोनपर्यंत निकाल दाखवीत असे. त्यामुळे अनेक सबडोमेन असलेली संस्था पानभर जागा व्यापू शकत असे. असे घडण्याची शक्यता कमी करणारा बदल केल्याचे गूगलचे मॅट कट्स यांनी डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले. दोन्हींपैकी कोणतीही रचना गूगलला चालते, असे जॉन म्यूलर यांनी २०१७ मध्ये सांगितले. तरीही सबफोल्डरमध्ये स्थलांतर केल्यावर वाचक वाढल्याचे अनुभव अनेक व्यावसायिक मांडतात. परंतु अशा स्थलांतरात अंतर्गत दुवे, मांडणी व मजकूरही बहुधा बदलतो; त्यामुळे केवळ पत्त्याचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते.

व्यवस्थापनातील फरक :
खरा फरक देखभालीत आहे. शोधयंत्रांना सूचना देणारी 'रोबोट्स' फाइल प्रत्येक सबडोमेनसाठी स्वतंत्र ठेवावी लागते. मुख्य नावापुरते घेतलेले सुरक्षा प्रमाणपत्र सबडोमेनला आपोआप लागू होत नाही. सबडोमेन उभारणारा शिक्षक वा कर्मचारी संस्था सोडून गेला आणि प्रमाणपत्राची मुदत संपली, तर वाचकासमोर मजकुराऐवजी धोक्याची सूचना येते. सबफोल्डरमधील पृष्ठे मात्र मुख्य सूचीशी सहज जोडली जातात. वाचक व शोधयंत्र दोघेही दुव्यांवरूनच पुढे जात असल्याने हा लाभ लहान नाही.

निष्कर्ष :
१) संकेतस्थळाची जबाबदारी एक-दोन व्यक्तींवर असलेल्या महाविद्यालयाने विभाग, ग्रंथालय व संशोधनपत्रिका सबफोल्डरमध्ये ठेवणे हितावह ठरते.
२) स्वतंत्र सॉफ्टवेअरवर चालणारी प्रवेशप्रणाली किंवा डीस्पेससारखे डिजिटल भांडार यांसाठी सबडोमेन योग्य होय, मात्र त्याची देखभाल कोणाकडे राहील हे आधी निश्चित करावे.
३) पत्ता बदलणे अपरिहार्य असल्यास प्रत्येक जुन्या पृष्ठावरून त्याच्या नव्या पृष्ठाकडे कायमस्वरूपी, म्हणजे '३०१' प्रकारचे, पुनर्निर्देशन करावे. सर्व जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळविणे पुरेसे नाही.

संशोधनपत्रिकेतील लेखाचा पत्ता इतरांच्या संदर्भसूचीत छापला गेलेला असतो. तो निकामी झाला की प्राध्यापकाचे काम अस्तित्वात असूनही अभ्यासकाला सापडत नाही. म्हणून पत्ता कोणत्या प्रकारचा आहे यापेक्षा तो दीर्घकाळ टिकतो की नाही, याला अधिक महत्त्व द्यावयास हवे.