एक इंच माया

पहाटे ५
दिवाळी सरली आणि कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आली, की आमच्या डोंगरकुशीतल्या वस्तीवर मशीनला उसंत नसते. पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा. मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. त्याच दिवसांत कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, कारखान्याला निघतात. यात्रेची कापडं आणि ऊसतोडीची कापडं एकाच गाठोड्यात येतात.

उसवायचं काम मी या वेळेला करते. शिवताना मधे उठलं तरी चालतं; उसवताना हात हलला की जुनं कापड फाटतं. आज गिऱ्हाइकाचं एक खणाचं पोलकं आहे, आईच्या लग्नातलं. लेकीला ते यात्रेला घालायचंय. आईची तेव्हाची छाती ३२, लेकीची ३५.

कुशीची टीप उसवली आणि हायसं वाटलं. आत एक इंच माया होती. दोन्ही कुशींना, पुढच्या आणि मागच्या पाटाला एकेक, म्हणजे चार इंच. टिपेपुरता पाव-पाव इंच ठेवला तरी तीन हाती लागतात. दडलेल्या जागी खणाचा रंग अजून नवा होता, बाहेरचा विटलेला. आता कुशीला गडद पट्टा दिसेल. दिसू दे.

सकाळी ७
भाकरी, डबे, पाणी. पोलकं गादीखाली दाबून ठेवलं. नुसत्या दाबानं टिपेची जुनी घडी बसते. तापलेली इस्त्री असल्या कापडावर मी फिरवत नाही.

सकाळी ८
कापसाची वेचणी. रानात शिवणाचं डोक्यात चालू असतं. पोलक्याचा मुंढा कमी पडला तर काखेत चौबगला घालायचा, एवढं ठरवून टाकलं. चौकोनी तुकडा तो, पण हात वर नेला की ताण खातो.

सकाळी ११
दारात एक बाई तीन शर्ट घेऊन उभी. सगळे नवऱ्याचे जुने, पूर्ण बाह्यांचे. ‘ताई, सांजच्याला टॅक्टर हाय. आत्ता दे.’

ऊस तोडताना बायका लुगड्यावर पुरुषाचा शर्ट घालतात, कारण उसाचं पान हातावर चरे ओढतं. त्यामुळे बाही आखूड करायची नाही. खांदा मात्र आत घ्यायचा, नाहीतर कोयता उचलताना शिवण दंडावर ओघळते. मनगटाचं बटण दीड बोट सरकवायचं. कॉलर तशीच ठेवायची, मानेला तीच राखते.

खांद्याचं जादा कापड मी कापलं नाही, आत दुमडून टाके घातले. ‘काप की, कशाला ठेवतीस?’ म्हणाली. म्हटलं, ‘परत आलीस की धन्याला लागंल.’ पैसे परत आल्यावर देणार. कोयता परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो.

दुपारी २
लाईट गेली. पायाच्या मशीनला तिची गरज नाही, पण घरात अंधार. ओट्यावर बसून इरकल लुगडं उलगडलं. आजीचं नऊवारी, नातीला त्याचा वनपीस पाहिजे. आजी स्वतः आल्या होत्या. ‘माय, पदर तेवढा मोडू नको.’

इरकलचा पदर म्हणजे वेगळं सूत. अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा मागावर एकमेकांत गुंतवलेले असतात. त्या जोडावर कात्री लावली की दोन्ही बाजू सुटत जातात. म्हणून पदर सबंध ठेवून पाठीवर सोडायचा आणि घेर उरलेल्या अंगातून काढायचा. ओल्या पांढऱ्या चिंधीनं काठ पुसून पाहिला, लाल उतरतो. म्हणजे अस्तर पांढरं नको. घडीवर कापड विरलंय, तिथं मागून मलमल लावून बारीक धावदोरा. मशीनला सुई ११ नंबरची. आमच्या रोजच्या १६ नंबरच्या सुईनं या कापडाची चाळण होईल.

संध्याकाळी ५
माझी धाकटी शाळेतून आली आणि गेल्या वर्षीचा झगा अंगात कोंबून उभी राहिली. पाठीचं बटण बोटभर दूर. झगा मीच शिवलेला. गिऱ्हाइकांची गर्दी होती, कापड पुरवून पुरवून कापलं, आणि टिपेला लागून कात्री चालवली. उसवून पाहिलं. आत काहीच नाही. रेडिमेडला ओव्हरलॉकच्या पुढे कापड नसतं म्हणून मी ते शिवणाऱ्यांना नावं ठेवते, आणि लेकीला तसंच शिवलं.

माझे दिवसही मी तसेच कापते. पाचला हे, सातला ते, टिपेला टीप लागून. कोणी दहा मिनिटं जास्त बसलं की कुठंतरी उसवतं.

रात्री ९
पोलक्याला हुक लावून झाले. शर्ट ट्रॅक्टरवर गेले. इरकल चादरीत गुंडाळून ठेवलं, आज आणखी नाही. उरलेल्या पॉपलिनवर धाकटीचा नवा झगा खडूनं आखला. कुशीला दीड इंच माया, खाली तीन इंच दुमड.

‘एवढं आत कशाला घालतीस? वाया जातंय.’

‘पुढच्या कार्तिकीला उसवू,’ म्हटलं, आणि कात्री उद्यावर ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले.