दोन संगणक, एकच दुकान. मग फाइल व्हॉट्सॲपवरून का फिरते?

जून महिन्यात बुलढाणा, चिखली किंवा मेहकरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात डोकावून बघा. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे रांग लागलेली. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला नॉन-क्रिमीलेयर, कुणाला सातबारा. स्कॅनर एका संगणकाला जोडलेला, प्रिंटर दुसऱ्याला. मग स्कॅन केलेली फाइल पलीकडे कशी जाते? बऱ्याचदा स्वतःलाच व्हॉट्सॲप करून, नाहीतर पेन ड्राइव्हने.

दोन टेबलांत अंतर चार हातांचं, पण फाइल इंटरनेटवरून फिरून येते. नेट गेलं की रांग थांबते. शिवाय लोकांच्या आधार कार्डाच्या प्रती चॅटमध्ये आणि डाउनलोड्समध्ये साचत जातात, ते वेगळंच.

खरं तर एकाच वायफाय राउटरला जोडलेल्या संगणकांना आपसात फाइल द्यायला इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला की पुरे.

मग अडतं कुठे?

दोन्ही संगणकांवर विंडोज असेल तर फारसं अडत नाही. पण आता एकाच दुकानात वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम दिसू लागल्या आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स टाकणं हा बिनखर्चाचा मार्ग. त्यात कुणाकडे मॅकबुक असतं, आणि फोन तर सगळ्यांकडेच.

पेन ड्राइव्हचीही कटकट आहेच. एफएटी३२ प्रकारच्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएस प्रकारचा असेल तर मॅक त्यावरचं वाचतो, पण लिहू देत नाही.

सगळ्यांना समजणारी भाषा

या सगळ्या यंत्रांना समजणारी एक भाषा आहे, एसएमबी. नेटवर्कवरचं फोल्डर कसं मागायचं आणि कसं द्यायचं, याचे हे नियम. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये त्यांची सुरुवात झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने ते विंडोजमध्ये आणले.

डिसेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल या पीएचडीच्या विद्यार्थ्याने अशा फाइल शेअरिंगचे संदेश तपासून स्वतःचा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे 'सांबा' झाला. हे नावही गमतीदार आहे: एस, एम आणि बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द त्याने संगणकातल्या शब्दसूचीत शोधले, त्यात हा सापडला. लिनक्स आणि विंडोज आज एकमेकांचं फोल्डर उघडतात ते या मोफत प्रोग्राममुळे. ॲपलनेही २०१३ पासून मॅकमध्ये फाइल शेअरिंगसाठी एसएमबीलाच पहिली पसंती दिली.

प्रत्यक्षात काय करायचं?

१. सगळी यंत्रं एकाच राउटरला जोडा.

२. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट' निवडा. 'पब्लिक' असेल तर तुमचा संगणक इतरांना सहसा दिसणारच नाही.

३. फक्त शेअरिंगसाठी एक वेगळा युजर बनवा आणि त्याला पासवर्ड द्या. रोज लॉगिनला वापरता तो चार आकडी पिन इथे चालत नाही. बरेच जण इथेच अडकतात.

४. एक नवं फोल्डर बनवा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग असं जाऊन त्याच युजरला परवानगी द्या. अख्खी डी ड्राइव्ह शेअर करू नका.

५. वायफाय सेटिंगमधून संगणकाचा आयपी पत्ता बघा. तो १९२.१६८.१.५ अशासारखा असतो.

६. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये किंवा मॅकच्या 'कनेक्ट टू सर्व्हर'मध्ये आधी एसएमबी ही तीन इंग्रजी अक्षरं, मग कोलन, दोन स्लॅश आणि तो पत्ता टाका. युजर आणि पासवर्ड दिला की फोल्डर उघडतं. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्येही 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे.

काल चालत होतं आणि आज फोल्डर सापडत नसेल, तर बहुधा राउटरने पत्ता बदललेला असतो. तो पुन्हा बघा.

एखाददुसरी फाइलच द्यायची असेल तर एवढा खटाटोप नको. 'लोकलसेंड' हे मोफत ॲप विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन या सगळ्यांवर चालतं, तेही इंटरनेटशिवाय.

यूट्यूबवरचा धोकादायक सल्ला

फोल्डर उघडत नसेल तर 'पासवर्ड काढून टाका' किंवा 'एसएमबी १ चालू करा' असं सांगणारे व्हिडिओ सापडतील. तसं करू नका. १२ मे २०१७ पासून 'वॉनाक्राय' या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांवरच्या फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो पसरला तो विंडोजमधल्या जुन्या एसएमबीतल्या त्रुटीतून. तिच्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाचं फोल्डर सहजासहजी उघडत नाही, त्यामागे हीच काळजी आहे. तो बिघाड नाही.

दुकानदारांसाठी आणखी एक. गिऱ्हाइकाला वायफायचा पासवर्ड दिलात तर तो तुमच्या संगणकांच्याच नेटवर्कमध्ये येतो. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. पाहुण्यांना ते द्या.

फाइल पोचली, पण मराठी फुटली?

हा नेटवर्कचा दोष नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर भलतीच अक्षरं दाखवतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ करून पाठवा.

आणि शेवटचं. शेअर केलेल्या फोल्डरमुळे काम पटकन होतं, पण त्यातली कागदपत्रं आपोआप जात नाहीत. दुकान बंद करताना ते फोल्डर रिकामं करा, रिसायकल बिनसकट. आणि तुम्ही रांगेत उभे असाल, तर प्रिंट हातात आल्यावर एवढं विचारायला लाजू नका: "दादा, माझी फाइल डिलीट केली ना?"