विनिपेगचा हिवाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग. जानेवारीत तिथे रात्रीचे तापमान सरासरी उणे २० अंशांच्या आसपास असते. थंडीच्या लाटेत ते उणे ३०च्याही खाली उतरते. महाराष्ट्रातून तिथे शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांना घरून सल्ले मिळतात ते मायेचे, पण आपल्याकडच्या थंडीवर बेतलेले. त्यातले काही तिथे धोक्याचे ठरतात.

गैरसमज: लख्ख ऊन पडले की बाहेर ऊब असते.
वस्तुस्थिती: आर्क्टिककडून येणारी हवा थंड आणि कोरडी असते. आकाश निरभ्र असले की जमिनीची उष्णता रात्री अडथळ्याविना निघून जाते. त्यामुळे निळ्याशार आकाशाचे दिवसच अनेकदा सर्वांत गारठ्याचे असतात.

गैरसमज: तापमानाचा आकडा पाहिला की झाले.
वस्तुस्थिती: वारा त्वचेलगतची उबदार हवा उडवून नेतो. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे ३३ अंशांइतका गारठा जाणवतो. अशा वेळी १० ते ३० मिनिटांत त्वचा गोठू शकते. निघण्यापूर्वी हवामान वृत्तातील वाऱ्यासह जाणवणाऱ्या गारठ्याचा आकडा पाहावा.

गैरसमज: एक जाडजूड स्वेटर पुरतो.
वस्तुस्थिती: ऊब धरून ठेवते ती कपड्यांच्या थरांत अडकलेली हवा. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट घालावे. सुती बनियन घामाने भिजले की उलट अंग गार पाडते. बूटही घट्ट नकोत; रक्तप्रवाह अडला की पाय गारठतात.

गैरसमज: बधिर बोटे चोळावीत, हीटरवर शेकावीत.
वस्तुस्थिती: बोटे पांढुरकी, मेणचट आणि बधिर झाली तर तो हिमदंश असू शकतो. चोळल्याने गोठलेल्या पेशींना इजा होते आणि बधिर त्वचेला चटका कळत नाही. घरात येऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बोटे बुडवावीत आणि डॉक्टरांना दाखवावे.

गैरसमज: ब्रँडीच्या घोटाने अंग तापते.
वस्तुस्थिती: मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर जाते.

गैरसमज: हिवाळ्यात मन खचणे म्हणजे कमकुवतपणा.
वस्तुस्थिती: डिसेंबरअखेर तिथला दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. प्रकाश कमी झाल्याने येणारे नैराश्य हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला, उपचारांनी बरा होणारा आजार आहे. सूर्य खाली असल्याने त्वचेत ड जीवनसत्त्वही पुरेसे तयार होत नाही आणि सावळ्या त्वचेला त्यासाठी अधिक उन्हाची गरज असते. म्हणून दुपारी थोडे तरी बाहेर पडावे, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर मदत मागावी. घरच्यांनीही फोनवर स्वेटर घातलास का, एवढेच न विचारता मन कसे आहे, हेही विचारावे.