बाळाचा श्वास आणि अडकलेला व्हिडिओ

महिन्याच्या मीटिंगला गटप्रवर्तक मॅडम अ‍ॅपवरच्या ऑनलाइन कोर्सची यादी मोबाईलवरून वाचतात. कुणाचा कोर्स पूर्ण, कुणाचा अर्धा, कुणी लिंकच उघडली नाही. पाटण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात मी ही यादी ऐकली. अर्ध्यावर राहिलेल्यांत एक जुन्या आशाताई होत्या. त्यांना कुणी आळशी म्हटलं तर अख्खी वाडी भांडायला उठेल.

कुठं अडकलं ते त्यांनी दाखवलं. धडा नवजात बाळाचा श्वास मोजण्याचा. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचं, तरीही तेवढेच आले तर बाळ दवाखान्यात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलेलं चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मग भरभर येतो. आता व्हिडिओत बाळाचं पोट हलतं, चित्र थिजतं, चाक गरगरतं, पोट पुन्हा हलतं. मोजायचं काय? ताईंचे एकदा 38 आले, एकदा 51. खालच्या पर्यायांत दोन्ही नव्हते, आणि उत्तर चुकलं की धडा परत पहिल्यापासून. शेवटी फोन पिशवीत टाकून त्या भातलावणीला गेल्या.

दुपारी त्यांच्या गृहभेटीला मीही बरोबर होतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी 42 दिवसांत सहा भेटी द्याव्या लागतात. ही चौदाव्या दिवसाची. किटमधलं घड्याळ काढलं, आजीला झबलं वर करायला सांगितलं आणि मनातल्या मनात मोजलं. साठीच्या पुढं गेलं. बाळ नुकतंच रडून थांबलं होतं. ताई घाबरल्या नाहीत. आजीशी म्हशीच्या दुधाचं बोलत बसल्या, बाळ निवलं तसं पुन्हा मोजलं. 46. तेवढं वहीत लिहिलं. कोर्सच्या यादीत याला रकाना नाही.

गळतीचं कारण विचारलं की सगळे रेंजकडं बोट दाखवतात. कोयनेकाठी ते खरंही आहे. पण मिरजेला रेंजची काय कमी? तिथल्या एका सिस्टरनं रात्रपाळीतच कोर्स उरकला. फोन ट्रॉलीवर, आवाज बंद. सलाईन बदलून आलं की 'नेक्स्ट' दाबायचं. उत्तरं ग्रुपवर आधीच फिरत होती. सर्टिफिकेट आलं. धडा कशावर होता विचारल्यावर ती नुसती हसली. यादीत ती पूर्ण, आणि पाटणच्या ताई गळालेल्या!

2012 साली कोर्सेरा, एडेक्स सुरू झाल्यापासून असे कोर्स अर्ध्यावर सोडणारे जगभर आहेत. पण तिथं बहुतेक जण हौसेनं नाव घालतात. इथं लिंक वरून येते. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल 2020 मध्ये, केंद्र सरकारनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 'दीक्षा' पोर्टलवर 'आयगॉट' हे ऑनलाइन प्रशिक्षण उघडलं, तेव्हापासून लिंक पाठवणं सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीसाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट गुण लागतात; ते बरोबर पूर्ण करतात, कारण नोंदणी अडते. आशाला ठरावीक मानधनाखेरीज मोबदला कामागणिक. व्हिडिओत गेलेली दुपार तिच्याच पदरची. वर लिंक नेमकी कुष्ठ-क्षय शोधमोहिमेच्या पंधरवड्यात यायची, म्हणजे दारोदार फिरायचं की स्क्रीनकडं बघायचं?

पाटणच्या त्या गटप्रवर्तक मॅडमनी मग आपल्यापुरता मार्ग काढला. केंद्रावर नेट बरं चालतं तिथं व्हिडिओ आधीच उतरवून घेतला, मीटिंगला सगळ्यांना एकत्र दाखवला. लसीकरणाच्या दिवशी आलेल्या बाळांचे श्वास दोघी-दोघींनी एकाच वेळी मोजायचे आणि आकडे ताडून बघायचे. पहिल्यांदा चांगलीच तफावत पडली, आणि त्यावर खरा वाद झाला : उचकी लागलेल्या बाळाचं मोजायचं का? बाळ दूध पीत असताना? हे प्रश्न अ‍ॅपवर कुणी विचारले नव्हते. वाद रंगला, चहा गार झाला.

पुढच्या यादीत त्यातल्या बऱ्याच जणी अजून अर्ध्यावरच होत्या, कारण अशा शिकण्याची नोंद अ‍ॅपला घेता येत नाही. मॅडमना वरून फोन आला : आठवड्याच्या आत सगळ्यांचं शंभर टक्के करून घ्या.