शर्यतीची सायकल : पारख आणि हिशेब

नागावच्या सपाट पुळणीवर किंवा नारळी-पोफळीच्या वाड्यांतून फिरण्यासाठी पुढे-मागे सस्पेन्शन असलेली महागडी सायकल घेणे हा निव्वळ हौसेचा खर्च ठरेल. मुलाला डोंगरवाटांवरील शर्यतीत उतरायचे असेल, तर मात्र प्रश्न निराळा. १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या ‘क्रॉस-कंट्री’ प्रकारास १०० ते १२० मिलिमीटरचे सस्पेन्शन पुरते. तीव्र उताराच्या शर्यतीतील २०० मिलिमीटरचे सस्पेन्शन चढावर ओझेच होते. स्वार बसताच मागचा शॉक सुमारे पाव भाग दबावा, इतकीच हवा त्यात भरावी. सीट चामड्याची नाही ना, हेही आपण विचारावेच. खाऱ्या हवेत सांध्यांतील बेअरिंग लवकर गंजतात. म्हणून किमतीसोबत वार्षिक देखभालीचा खर्चही खरेदीपूर्वीच लिहून घ्यावा.