आजचा नकाशा, तेव्हाचा समुद्र

ट्रॉय ग्रीसमध्ये होतं, हा समज तसा जुनाच. 2004च्या ‘ट्रॉय’ सिनेमानेही तो काही कमी केला नाही. लाकडी घोडा ग्रीकांचा, म्हणून शहरही ग्रीसचं, असा सरळ हिशेब! प्रत्यक्षात ट्रॉयचे अवशेष तुर्कस्तानात आहेत. दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या आशियाई बाजूला हिसारलिक नावाची टेकडी आहे, तिच्यावर. कथेनुसार ग्रीक सैन्य समुद्र ओलांडून तिथे चालून गेलं होतं. तिथे उत्खनन करणाऱ्या श्लीमानला 1873 मध्ये या टेकडीत सोनं सापडलं आणि त्याने तो ‘राजा प्रायमचा खजिना’ असल्याचं जाहीर केलं. तेही चूकच. ट्रोजन युद्धाचा जो काळ मानतात, त्याहून हे सोनं हजारेक वर्षांनी जुनं आहे.

आयोनियाच्या बाबतीत तर अभ्यासू वाचकही फसतात. आयोनियन समुद्र ग्रीसच्या पश्चिमेला, इटलीच्या बाजूला आहे. आयोनिया मात्र पार उलट्या दिशेला, एजियन समुद्राच्या पूर्व काठावर, आजच्या इझमीरच्या आसपास. पहिला ग्रीक तत्त्वज्ञ मानला जाणारा थेलीस ज्या मिलेटसचा, ते शहर आयोनियातलं. म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा उगम आजच्या तुर्कस्तानात झाला. सीमारेषा आपल्या काळातल्या आहेत. तेव्हा एजियनच्या दोन्ही काठांवर ग्रीक शहरं नांदत होती.

पण सीमा बदलतात हे निदान पटतं तरी. किनाराही बदलतो, हे सहसा लक्षातच येत नाही. मिलेटसचंच पाहा. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने या शहराला चार बंदरं असल्याचं लिहून ठेवलंय. आज तिथल्या दगडी नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवर उभं राहिलं, तर समोर सपाट शेतजमीन दिसते, त्यात कापूसही होतो. समुद्र बराच लांब. पश्चिमेला या सपाटीत एक बुटकी टेकडी आहे. ते लाडे बेट! इ.स.पू. 494 मध्ये त्याच्याजवळ आयोनियन ग्रीक आणि इराणी साम्राज्य यांचं आरमारी युद्ध झालं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या मते ग्रीकांची जहाजं 353 आणि इराण्यांची 600. त्याचे आकडे फुगवलेले असतील, पण युद्ध पाण्यावरच झालं, यात शंका नाही. पुढे मेआंडर नदीने (आताची ब्युयुक मेंडेरेस) शतकानुशतकं गाळ आणून सगळं आखात बुजवलं. आतला एक तुकडा तेवढा बाफा सरोवर म्हणून उरला.

लेबनॉनमधल्या टायरची गोष्ट वेगळी. तिथे सुरुवात माणसाने केली. नकाशात टायर आज जमिनीला जोडलेलं दिसतं, पण फिनिशियनांचं मूळ शहर बेटावर होतं. इ.स.पू. 332 मध्ये सिकंदराने सात महिने वेढा घातला आणि बेटापर्यंत दगडमातीचा बांध टाकून ते जिंकलं. त्या बांधाच्या आडोशाला वाळू साचत गेली आणि बेट कायमचं किनाऱ्याला जोडलं गेलं.

ग्रीसमधल्या थर्मोपिलीला स्पार्टाचा राजा लिओनिडास याचा पुतळा पाहायला गेलात, तर त्याने इराण्यांना जिथे अडवलं, ती डोंगर आणि समुद्र यांच्यातली चिंचोळी वाट शोधत बसू नका. त्या लढाईच्या वेळी, इ.स.पू. 480 मध्ये, लाटा डोंगराच्या पायथ्याजवळ येत होत्या. आता गाळाने तिथे रुंद मैदान झालंय आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटलाय.