वेणी अथणीची, नाव कोल्हापूरचे

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये 'प्राडा' या इटालियन फॅशन कंपनीचे मॉडेल अंगठ्याची चामडी चप्पल घालून चालले आणि कोल्हापुरात संताप उसळला. कोल्हापुरीचा साधा उल्लेखही नव्हता! टीकेनंतर कंपनीने तिचे मूळ मान्य केले. त्याच गदारोळात कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी आठवण करून दिली, की ही चप्पल बनवणारे कितीतरी कारागीर कर्नाटकातल्या अथणी, निपाणी, चिक्कोडी, रायबाग इथलेही आहेत.

बोलणे राजकारण्याचे असले तरी खरे होते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या 'लिडकॉम' आणि कर्नाटकच्या 'लिडकर' या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे सीमेच्या अलीकडचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार पलीकडचे. सीमाप्रश्नावर इतकी वर्षे भांडणाऱ्या दोन राज्यांनी वाटून घेतलेली ही दुर्मीळ गोष्ट.

चपलेची घडण कसलेल्या हातांची. कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळाला म्हशीचे जाड चामडे, वर बकऱ्याचे मऊ. रापीने कापायचे, आरीने भोके पाडायची आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल चपलेत खिळा नसतो. पावसाळ्यात चामडे वाळत नाही, तेव्हा काम रेंगाळते.

कातडे कापणे, तळ ठोकून बसवणे हे बहुधा पुरुषांकडे. वरचा पट्टा, त्यावरची नक्षी आणि बारीक वेणी मात्र घरातल्या बायका करतात, स्वयंपाकपाणी उरकून. गिऱ्हाईक भुलते ते या वेणीला, पण दुकानदाराशी भाव ठरवताना ती विणणारी समोर नसते. २०००च्या सुमारास अथणीत 'असेंट' या संस्थेने नेमके इथेच बोट ठेवले. बायकांचे बचत गट उभे राहिले, त्यातून कारागिरांची सामूहिक संस्था झाली आणि 'टोहोल्ड' या नावाने माल परदेशी जाऊ लागला.

परदेशी बाईच्या पायात उंच चामडी बूट शोभतो. त्याची घडण मुळात घोडेस्वाराची: टाच उंच, म्हणजे रिकिबीतून पाय पुढे सरकत नाही. सीमाभागातल्या बाईला घोड्यावर बसायचे नसते. दिवसातून दहा वेळा उंबरा ओलांडायचा असतो. तिला न वाकता पायातून सुटणारी चप्पलच बरी. नवी असताना चावते, तेल चोळून चार दिवस घातली की पायाला बसते. आता कॉलेजच्या मुली जीन्सवरही तीच घालतात.

डिसेंबर २०२५ मध्ये 'प्राडा'ने दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड बनवायचे ठरले. किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. त्यातले वेणी विणणारीच्या हातात किती पडणार, हे त्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसेल.